परबबाईंचा डूख

डॉ. वैद्य येत्या मे महिन्यात निवृत्त होतायत. त्यांच्या गौरव-अंकासाठी दोन पानं लिहून द्या, असं मला कॉलेजने सांगितलं. मी त्यांच्या शेजारच्या डिपार्टमेंटमध्ये, केमिस्ट्रीत, नोकरी केली, म्हणून. लिहायला बसले तर लक्षात आलं, वैद्यांबद्दल मला जे जे आठवतं त्या प्रत्येक गोष्टीत परबबाई उभ्या आहेत, आणि त्यांच्या शेजारी वैद्य काही बरे दिसत नाहीत. परबबाई गेल्या वर्षी वारल्या तेव्हा कॉलेजने नोटीस बोर्डावर दोन ओळींचा कागद लावला होता. 'पर्यावरणशास्त्राच्या माजी अध्यापिका' असं त्यात लिहिलं होतं. तो कागद वाचला तेव्हाच मी ठरवलं होतं की कधीतरी लिहायचं. गौरव-अंकात हे छापणार नाहीत. न छापू देत.

परबबाई पर्यावरणशास्त्र शिकवत नव्हत्या. त्या मेंदू शिकवत होत्या. टी. वाय. बी.एस्सी.च्या मुलांना न्यूरोसायन्सचा एक पेपर असतो. तो आमच्या घाटकोपरच्या कॉलेजात आणला त्यांनी, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. त्यात थोडी केमिस्ट्री, थोडं फिजिक्स, बरंच प्राणिशास्त्र, आणि नोट्स बाजारात मिळत नाहीत. बाईंनी तो पेपर एकटीने उभा केला.

नाव शालिनी परब. गाव मालवणकडचं. वडील परळच्या गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर घर भटवाडीत आलं. बाई उंच, रुंद खांद्याच्या, आवाज माईकची गरज नसलेला. सुती साडी चापून चोपून पिनअप केलेली आणि खाली पांढरे स्पोर्ट्स शूज. पहिल्यांदा भेटले तेव्हा माझी नजर त्या बुटांवर गेली. बाई म्हणाल्या, "फॉर्मलीन सांडलं तर पाय माझे भाजणार आहेत गं, बघणाऱ्यांचे नाही."

कॉलेजात प्राणी कापायला बंदी आली तेव्हा बाकीचे शिक्षक प्लास्टिकच्या मॉडेलवर गेले. परबबाई मटणाच्या दुकानात गेल्या. स्टेशनच्या पलीकडे युसुफभाई म्हणून होते, त्यांचा माल देवनारच्या कत्तलखान्यातून यायचा. मटणवाला भेजा काढतो तो डोक्याची दोन शकलं करून. बाईंना अख्खा हवा असे. एकदा मी बरोबर होते. युसुफभाई वैतागून म्हणाले, "मॅडम, पूरा पूरा लेके जाती हो, आप पकाती कैसे हो?"

"पकाती नहीं, पढाती हूँ."

"कॉलेज में पकाने और पढाने में फरक है क्या?"

बाई इतक्या हसल्या की युसुफभाईंनी दोन भेजे फुकट दिले.

मग ते माझ्याकडे यायचे. म्हणजे मी फॉर्मलीन द्यायची, त्या डबे भरायच्या. ताजा मेंदू हातात धरताच येत नाही, न लागलेल्या दह्यासारखा असतो. फॉर्मलीनमध्ये दोनेक आठवडे मुरला की घट्ट होतो, मग त्याला सुरी लावता येते. बाईंच्या लॅबच्या मागच्या फळीवर असे डबे कायम ओळीने असायचे.

पहिल्या प्रॅक्टिकलला त्या काही बोलत नसत. प्रत्येकाच्या तळहातावर बकऱ्याचा एकेक मेंदू ठेवायच्या आणि गप्प उभ्या राहायच्या. मुलं आधी किंचाळायची, मग हसायची, मग हळूहळू गप्प व्हायची. वर्ग पूर्ण शांत झाला की विचारायच्या, "किती हलका आहे ना? एवढ्याशा वस्तूने आयुष्यभर पळवलं त्या बकऱ्याला." घाटकोपरच्या कॉलेजात जैन मुलं पुष्कळ. एका वर्षी हेतल नावाची मुलगी दारातच रडायला लागली. "मॅडम, मैं नहीं छू सकती, घरी कळलं तर मम्मी मला आत घेणार नाही." बाईंनी तिला एका वेगळ्या डब्यातून कणकेचा गोळा काढून दिला. "हा घे. त्यांचं बघून तू बनव. प्रत्येक घडी जागेवर पाहिजे हां, नाहीतर पोळी करून खायला लावीन." त्या वर्षी वर्गात सगळ्यात बिनचूक मेंदू हेतलचा होता. पुढे जी भानगड झाली त्यात ही हेतल होती, म्हणून सांगून ठेवते.

बाईंचा आवडता तास स्मरणशक्तीचा. त्या विचारायच्या, "दहावीत असताना तुमचा कुणी अपमान केला होता?" सगळे हात वर. "त्या दिवशी डब्यात काय होतं?" एकही हात नाही. "बघा. मेंदू डूख धरतो. भाजी विसरतो, अपमान विसरत नाही. का?" आणि मग भीती, राग आणि आठवण यांचं मेंदूत कसं साटंलोटं असतं ते समजवायच्या. तो तास मी मागच्या बाकावर बसून ऐकला आहे. शेवटी एका मुलाने विचारलं, "मॅडम, पण माफ करणं चांगलं ना?"

"चांगलं असेल. सिलॅबसमध्ये नाही."

त्या थट्टा करत नव्हत्या. परबबाई डूख धरायच्या, आणि लाज न बाळगता धरायच्या. मालवणीत सांगायच्या, "माका सगळा आठवता गो." त्यांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने एकदा तक्रार केली की परब मॅडम घरच्या फ्रिजमध्ये मेंदू ठेवतात, सभासदांना वास येतो. बाईंनी घरी कधीच काही आणलं नव्हतं. त्यांनी अख्ख्या कमिटीला तपासणीसाठी चहाला बोलावलं. सगळ्यांच्या देखत फ्रिज उघडला. आत सोलकढी, ताक, कोथिंबीर आणि मधल्या कप्प्यात एक काचेची बरणी. बरणीवर सेक्रेटरीचं नाव. आत एक अक्रोड. "एवढाच सापडला," बाई म्हणाल्या. कमिटीने चहा घेतला नाही. पण सेक्रेटरीला पुढे सोसायटीत सगळे अक्रोड म्हणायला लागले, आणि तो भाड्याने ठाण्याला गेला. बाईंना ह्याचं यत्किंचित वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

डॉ. वैद्य बाहेरून प्राणिशास्त्राचे हेड म्हणून आले तेव्हा बाईंच्या नोकरीची शेवटची वर्षं चालू होती. वैद्य दिसायला रुबाबदार, इंग्रजी सफाईदार, स्लाइड्स सुंदर. हाताला मात्र कधी काही लागू द्यायचे नाहीत. बाईंच्या लॅबमध्ये शिरताना रुमाल नाकाला. एकदा ते बाहेरच्या पाहुण्यांना डिपार्टमेंट दाखवत होते. बाईंचा तास चालू होता, वर्ग भरलेला. वैद्य दारात उभे राहून पाहुण्यांना म्हणाले, "आणि ह्या आमच्या भेजेवाल्या बाई. मटण मार्केटची ब्रँच आहे ही."

पाहुणे हसले. मुलंही हसली, मुलं काय, हसतात. बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातला मेंदू ट्रेमध्ये ठेवला, वैद्यांकडे नीट बघितलं आणि पुन्हा शिकवायला लागल्या.

स्टाफरूममध्ये मी म्हटलं, "जाऊ द्या ना मॅडम. सवय आहे त्याला."

"मलापण एक सवय आहे," त्या म्हणाल्या आणि बांगड्याचा काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवला.

पुढच्याच आठवड्यात डोळ्यातल्या आंधळ्या जागेचा तास होता. आपल्या प्रत्येक डोळ्यात एक जागा अशी असते जिथे काहीच दिसत नाही, आणि मेंदू ती भरून काढतो, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. दाखवायची पद्धत सोपी. कागदावर डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका. डावा डोळा झाकायचा, उजव्याने फुलीकडे बघायचं, कागद हळूहळू जवळ आणायचा. एका क्षणी ठिपका गायब होतो. बाईंनी ठिपक्याच्या जागी डिपार्टमेंटच्या माहितीपत्रकातला वैद्यांचा नखाएवढा फोटो छापून घेतला होता.

"कागद जवळ आणा. अजून. गेले?"

"गेले मॅडम!"

"झकास. आता बघा, मेंदूला त्यांची काही कमतरता जाणवते का? नाही. कोरा कागद दिसतो. मेंदू किती समजूतदार आहे बघा."

हे कॉलेजभर झालं. कॅन्टीनमध्ये मुलं एक डोळा झाकून वैद्यांकडे बघायला लागली.

वैद्यांनी उत्तर दिलं ते दिवाळीच्या सुट्टीत. सुट्टीनंतर बाई आल्या तर लॅबमधली मागची फळी रिकामी. सगळे डबे फेकून दिलेले, वर्षानुवर्षं जमवलेले नमुनेसुद्धा. 'स्वच्छता' असं कारण. आणि टाइमटेबल बदललेलं. न्यूरोसायन्सचा पेपर आता डॉ. वैद्य घेणार, कारण नॅकसारखी तपासणी समिती येणार आहे आणि हा पेपर डिपार्टमेंटचा चेहरा आहे. परब मॅडमना एफ. वाय.ला पर्यावरण. बाई एप्रिलमध्ये निवृत्त होणार होत्या. म्हणजे त्यांचं शेवटचं सत्र. आपला पेपर त्या पुन्हा कधी शिकवणार नव्हत्या.

मला वाटलं, बाई प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये जाऊन ओरडतील. त्या गेल्या एफ. वाय.च्या वर्गावर आणि तिवरांवर बोलल्या. चांगलं बोलल्या म्हणे. मी विचारलं, "काहीच करणार नाही?"

"मी काय करू? तोच करेल. फक्त वाट बघायची."

समिती आली जानेवारीत. आदल्या दिवशी लॅब अटेंडंट सावंत बाईंकडे आला. तोही त्यांच्याच बाजूचा, त्यामुळे दोघं मालवणीत बोलायचे. मी शेजारीच पेपर तपासत बसले होते.

"बाईनू, सरांनी सकाळी ताजे भेजे हाडूक सांगल्यानी. समितीसमोर कापून दाखवतले."

"मगे हाड," बाई म्हणाल्या. म्हणजे, मग आण.

"पण ताजे..."

"तेणी तुका काय इचारल्यानी?"

"नाय."

"मगे गप रव."

सावंत गेला. मी हातातलं पेन ठेवलं. माझ्या स्टोअरमधून दिवाळीनंतर फॉर्मलीनचा थेंब बाहेर गेला नव्हता, तेव्हा उद्या काय होणार हे मलाही कळत होतं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला विचारलंय त्याने?"

"मला कशाला विचारेल?"

"मग तूही पेपर तपास."

मी तपासले.

दुसऱ्या दिवशी समितीबरोबर प्रत्येक डिपार्टमेंटचा एक माणूस होता, केमिस्ट्रीची मी. लॅबमध्ये टी. वाय.ची मुलं पांढऱ्या एप्रनमध्ये उभी. वैद्यांनी हातमोजे घातले. चांगली सुरुवात केली. मग त्यांनी ट्रेमधला मेंदू उचलला, वरचा पापुद्रा चिमटीत धरला आणि ओढला. पापुद्र्याबरोबर अर्धा मेंदू आला. उरलेला अर्धा त्यांनी मुठीत धरायचा प्रयत्न केला, तो बोटांतून खाली गेला. एक गोळा प्रिन्सिपलच्या बुटावर पडला. वैद्यांनी दुसरा घेतला आणि घाईने सुरी लावली. त्याचंही तेच.

समितीच्या अध्यक्षा दक्षिणेकडच्या एका बाई होत्या, त्या शांतपणे बघत होत्या. तेवढ्यात मुलांमधून आवाज आला. हेतल. "सर, हा फिक्स नाही केलाय. परब मॅडम आधी फॉर्मलीनमध्ये ठेवायच्या."

अध्यक्षा वळल्या. परब मॅडम कोण? प्रिन्सिपलनी सावंतला पिटाळलं. सावंत परत आला. "मॅडम म्हणाल्या, तास चालू आहे. बेल झाल्यावर येते."

समिती थांबली. बेल होईपर्यंत सगळे त्या ट्रेभोवती उभे होते, आणि वैद्यांना हातमोजे काढावे की ठेवावे ते कळत नव्हतं. तो वेळ मला फार आवडला. खोटं कशाला बोलू?

बाई आल्या. खडूचे हात साडीला न पुसता नळाखाली धुतले. ट्रेकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या वैद्यांना सोलून काढतील. त्यांनी उघड्या हातांनी तो लगदा ओंजळीत घेतला आणि मुलांसमोर धरला.

"हा खराब झालेला नाही. जिवंतपणी तो असाच असतो. आपण फॉर्मलीनमध्ये त्याचा दगड करतो, आपल्या सोयीसाठी. आत्ता तुमच्या डोक्यात हे आहे, इतकं मऊ. म्हणून वरून हाडाची पेटी दिली, आणि पेटीत पाणी घालून त्यात तरंगत ठेवला. जाधव, तू काल पवईहून बाइकवर आलास, हेल्मेट हँडलला अडकवून. पुढे ये. हात कर." त्याच्या हातावर थोडा लगदा ठेवला. "हे तुझं."

जाधव पांढरा पडला. अध्यक्षा एक पाऊल पुढे आल्या. दहा-पंधरा मिनिटं बाई त्या लगद्यावर बोलत होत्या, कुठला भाग कुठे गेला असेल ते बोटाने शोधून दाखवत होत्या. समितीतला एकजण नकळत वहीत लिहून घ्यायला लागला. शेवटी बाई वैद्यांकडे वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "सरांनी मुद्दाम ताजा मागवला होता. हे दाखवता यावं म्हणून. हो ना, सर?"

सगळ्यांनी वैद्यांकडे बघितलं. मुलं, समिती, प्रिन्सिपल, सावंत, मी.

"हो," वैद्य म्हणाले.

जिना उतरताना मी चिडून विचारलं, "वाचवलंत कशाला त्याला?"

"वाचवला? बावळट आहेस तू. लगदा झाला हे तो महिन्याभरात विसरला असता. तो 'हो' म्हणाला, हे आता मरेपर्यंत आठवणार त्याला. मला बघितलं की आठवणार, मुलांना बघितलं की आठवणार. अपमान कुठे राहतो ते मी शिकवते, केमिस्ट्रीवाले."

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपलनी त्यांना बोलावलं. पेपर परत घ्या, उरलेलं सत्र तुम्हीच शिकवा. बाई म्हणाल्या, एक अट आहे. वैद्य सर जे वर्गात बोलले ते त्यांनी वर्गात येऊन मागे घ्यावं. केबिनमध्ये चालणार नाही. स्टाफरूममध्ये नाही. पत्र नको. त्याच वर्गात, त्याच मुलांसमोर.

वैद्यांनी साफ नकार दिला. बाई पुन्हा एफ. वाय.ला गेल्या.

मी त्यांच्याशी भांडले. "मॅडम, शेवटचं सत्र आहे. आठवडे जातायत. मुलांचं नुकसान होतंय, तुमचंही. एका वाक्यासाठी?"

"वाक्य त्याने फुकट वापरलं होतं."

"आणि तो आलाच नाही तर?"

"तर मी तिवरं शिकवत निवृत्त होईन." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा खाली आला. "तुला काय वाटतं, मला तो वर्ग नको आहे? रोज त्या लॅबवरून जाते मी. पण तो बोलला तेव्हा मुलं हसली ना गं. ती मुलं उद्या शिक्षक होतील, डॉक्टर होतील. हाताने काम करणाऱ्या बाईला असं बोलायचं असतं, हे ती शिकून जातील. त्यापेक्षा पेपर गेला तरी चालेल."

मग त्या व्यवहाराला लागल्या. मार्चमध्ये प्रॅक्टिकल परीक्षा, बाहेरचा परीक्षक, आणि प्रत्येक मुलासमोर कापता येण्यासारखा मेंदू हवा. वैद्यांच्या लॅबमध्ये एक नव्हता. एका शनिवारी बाई युसुफभाईंकडून दोन पिशव्या घेऊन आल्या आणि डबे माझ्या स्टोअरमध्ये ठेवले. किल्ली माझ्याकडे. वैद्यांनी सावंतला पाठवलं, मी म्हटलं, परब मॅडमची वस्तू आहे, त्यांना विचारा. वैद्य स्वतः आले, मी तेच म्हटलं. आता नवे आणून मुरवायला वेळ उरला नव्हता. परीक्षकांचा फोन प्रिन्सिपलना आला. त्या दुपारी वैद्य टी. वाय.च्या वर्गात आले.

बाई निरोप मिळताच येऊन फळ्यापाशी उभ्या होत्या, ट्रे मांडून तयार. वैद्य भरलेल्या वर्गासमोर उभे राहिले आणि फळ्याच्या कोपऱ्याकडे बघत म्हणाले, "मागे मी परब मॅडमना उद्देशून जे बोललो ते चूक होतं. मी ते मागे घेतो."

बाईंनी चेहरा बदलला नाही. वर्गात शेवटी कोण बसलंय तेवढं पाहिलं.

"मागच्या बाकाला ऐकू आलं नाही, सर."

वैद्यांनी पुन्हा सांगितलं. ह्यावेळी कॉरिडॉरमध्ये मलाही स्पष्ट ऐकू आलं; मी स्टोअरमधले डबे पोचवायला आले होते आणि दाराच्या काचेशी थांबले होते.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "मागे जागा आहे."

ते जाऊ शकले असते. पण सगळा वर्ग बघत होता. ते मागच्या बाकावर जाऊन बसले. त्यानंतर बाईंनी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

बाई त्या वर्षी सन्मानाने निवृत्त झाल्या, गावी गेल्या, तिथे गेल्या वर्षी झोपेत वारल्या. फोनवर त्या माझ्याशी शेवटपर्यंत भांडत होत्या. पण डोळ्यांसमोर येतात त्या काचेतून दिसलेल्या. पुढच्या बाकांपाशी मागच्या बाकाकडे पाठ करून उभ्या, तळहातावर मेंदू, दुसऱ्या हातात सुरी, मुलं पुढे वाकलेली. त्यांनी मधोमध एक सरळ काप दिला आणि दोन अर्धी पुस्तकासारखी उघडली. आतली ती पांढरी झाडासारखी नक्षी बघायला सगळा वर्ग उठला. मागच्या बाकावरून वैद्यही उठले. खरंच उठले, मान उंच करून, टाचा उचलून. त्यांनी ती आयुष्यात फक्त स्लाइडवर पाहिली असणार.

बाईंनी मागे न बघता एक पाऊल डावीकडे सरकवलं, आणि आपल्या रुंद खांद्याने ती नक्षी त्यांच्यापुरती झाकली.